फिकट रंगाचं राज्य

ईशान, रिया,

हिवराळे सर झोपेतच गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा ईशानने विचारलं, "ते 'किती जणांत' वाले आजोबा का?" हो, तेच. ईशान, तू लहान असताना माझ्या पुंडलिकनगरच्या घरी आला होतास आणि शाळेच्या शर्यतीत दुसरा आल्याचं त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. ते वाकून म्हणाले, "वा. किती जणांत?" तू म्हणालास, "दोन." आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी तुझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "खरं सांगितलंस. पुढं कामाला येईल."

रियाला ते आठवत नाहीत. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहून ठेवते आहे.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी इंग्रजी शिकवत असे, ते संख्याशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी, आणि निवृत्तीनंतर घरंही समोरासमोर. उंच, ताठ मानेचा माणूस. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्यांना इस्त्रीची धार. फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातून आलेले. वर्गात बोलताना त्यांची भाषा पुस्तकी असे, घरी मात्र मोकळी. मला ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत आणि मी त्यांना सर. चाळीस वर्षांच्या शेजारात दोघांनाही ते बदलावंसं वाटलं नाही.

पहिल्या तासाला ते मुलांना एकच गोष्ट सांगत. "आमच्या गावाकडं दारात पाव्हणा आला की पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्याचं गाव विचारतात. आकड्यालाही तसंच विचारायचं. बाबा रे, तू कोणत्या गावचा? तुझ्या गावात माणसं किती? हे विचारल्याशिवाय आकडा घरात घ्यायचा नाही."

हे ते नुसतं शिकवत नव्हते, तसे जगत होते, आणि त्यामुळे माणसं त्यांच्यावर चिडत. एकदा प्राचार्यांनी बैठकीत जाहीर केलं की तालुक्यात सर्वांत जास्त पहिले वर्ग आपल्या कॉलेजला मिळाले. टाळ्या झाल्या, पेढे फिरले. सरांनी हात वर केला. "परीक्षेला बसले किती होते?"

प्राचार्य म्हणाले, "हिवराळे, आज पेढा खा. भागाकार उद्या करा."

सरांनी पेढा खाल्ला. भागाकार त्यांनी तोंडात पेढा असतानाच केलेला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आपलं कॉलेज खरं तर बरंच खाली येत होतं.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. आपल्या भागात कुत्रे चावण्याचे प्रकार वाढले म्हणून रहिवाशांची सभा भरली. मागच्या गल्लीतल्या मोरे वहिनी तावातावाने सांगत होत्या की सगळ्यात जास्त माणसं आमच्याच गल्लीत चावली गेली, आधी आमच्याकडचे कुत्रे उचला.

सर म्हणाले, "वहिनी, तुमच्या गल्लीत माणसं किती राहतात?"

"आता कुत्र्यानं काय माणसं मोजून चावायचं का सर?"

सभा हसली, सरही हसले. पण त्या आठवड्यात त्यांनी घरोघर विचारत माहिती काढली आणि पुढच्या सभेत उभे राहिले. मोरे वहिनींच्या गल्लीत मोठमोठ्या इमारती होत्या. माणसांच्या मानाने पाहिलं तर सगळ्यात वाईट गल्ली आमची निघाली, आणि आमच्या गल्लीतला गुन्हेगार म्हणजे सरांच्याच फाटकापाशी पडून असणारा तांबडा कुत्रा. त्याला त्यांच्या पत्नी, विमलताई, रोज पोळी घालत. सरांनी हे सगळं भर सभेत सांगितलं.

घरी जाताना विमलताई म्हणाल्या, "नवऱ्यानं बायकोची चहाडी करावी, ती पण माईकवरून."

"मी तुझं नाव कुठं घेतलं? मी कुत्र्याचं घेतलं."

असे ते होते. स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडाही ते लपवत नसत. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. लग्नानंतर ती आणि तिचा नवरा मिलिंद अमेरिकेत गेले. तिथे त्यांचा मुलगा सुमेध जन्मला. तो दोन-तीन वर्षांचा असेल तेव्हा दोघांना नव्या नोकऱ्या शोधायची वेळ आली आणि दोन राज्यांतून बोलावणं आलं. त्याच सुमारास टीव्हीवर तिकडच्या एका गोळीबाराच्या बातम्या दिवसरात्र चालू होत्या. विमलताई टीव्हीसमोरून उठेनात. रोज म्हणत, "पोरीला परत बोलवा. तिकडं माणसं भाजीला जातात अन् मरतात."

सर म्हणाले, "देश केवढा आहे ते तरी बघ."

आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडे मुलगी द्यायची तर बाप त्या गावाला जाऊन विहिरीचं पाणी चाखून येतो. सरांना तिकडे जाणं जमणार नव्हतं. त्यांनी आपल्या पद्धतीने पाणी चाखलं. कित्येक वर्षांची माहिती गोळा केली. आधी अडचण अशी आली की किती जणांना गोळी लागली म्हणजे त्याला सामूहिक गोळीबार म्हणायचं, यावरच तिकडे एकमत नाही. कोणी चार जखमी झाले तरी धरतात, कोणी चार मेल्याशिवाय धरत नाहीत. सरांनी दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं. मग प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येने भागून दर काढला आणि रंगीत पेन्सिलींनी नकाशा रंगवला. जितका दर जास्त तितका तांबडा रंग गडद. नकाशा त्यांनी जेवणाच्या खोलीत लावला.

मी बघायला गेले तेव्हा चकित झाले. टीव्हीवर ज्या भल्यामोठ्या राज्याचं नाव सारखं येई, ते मधल्याच रंगाचं होतं. दक्षिणेकडची काही राज्यं, ज्यांची नावं मी बातम्यांत क्वचितच ऐकली होती, ती गडद. ईशान्येचा कोपरा बराचसा फिकट.

"राजधानी सगळ्यात गडद आली होती," सर म्हणाले. "पण ती मी बाजूला काढली. ते शहर आहे. शहराची राज्याशी तुलना करायची नसते."

सुजाताच्या दोन राज्यांपैकी एक गडद होतं, एक अगदी फिकट. फिकट राज्य लहानसं होतं. सरांनी त्यावर बोट ठेवलं, पण लगेच सावधही केलं. "लहान राज्याचा दर उतावळा असतो, मॅडम. माणसं कमी, त्यामुळे एक घटना झाली की एका वर्षात रंग पालटतो. आणि जिल्ह्याची सरासरी काही भिजत नाही, शेत भिजतं. वैजापुरात पाऊस कोसळला आणि फुलंब्रीत टिपूस नाही, असं होतंच की आपल्याकडं."

"मग याचा उपयोग काय?" विमलताईंनी विचारलं.

"उपयोग एवढाच की डोळे झाकून उडी मारायची नाही."

सुजाताला गडद राज्यातली नोकरी जास्त आवडली होती. पण तिने वडिलांचं ऐकलं. फिकट राज्यातल्या एका छोट्या गावात त्यांनी घर घेतलं. सुमेध तिथल्या शाळेत जाऊ लागला. तिथलं तळं, तिथली पानगळ, सगळ्याचे फोटो येत. विमलताईंनी बातम्या बघणं सोडलं.

तीन-चार वर्षं गेली. एक दिवस सकाळी मी कपडे वाळत घालत होते. सर फाटक उघडून आत आले. शर्टाची बटणं खाली-वर लागली होती. या माणसाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हे वाचा. मला अक्षरं दिसतायत, पण वाचता येईना."

मी वाचलं. किराणा मालाचं मोठं दुकान. संध्याकाळची वेळ. एका माणसाने आत शिरून गोळ्या झाडल्या. गावाचं नाव सुजाताच्या गावाचं होतं.

"नाव तेच आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्या पायरीवर बसले. बराच वेळ सुजाताचा फोन लागत नव्हता. विमलताई समोरच्या दारात उभ्या होत्या. त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं, पण नवरा शेजारणीच्या पायरीवर बसलेला बघून त्या ताडकन इकडे आल्या. मग फोन आला तो मिलिंदचा. सुजाता जिवंत होती. दुकानात होती, मागच्या कोठारात पोत्यांच्या थप्पीआड पडून राहिली होती. सुमेध घरी होता. दुकानातली गल्ल्यावरची बाई गेली. ती सुमेधला दर वेळी लिमलेटची गोळी देत असे. आणखीही माणसं गेली होती.

विमलताई रडल्या. सर रडले नाहीत. "कोणत्या दुकानात म्हणालात?" असं त्यांनी मिलिंदला तीनदा विचारलं.

पुढचे काही दिवस त्यांच्याकडे माणसांची रीघ होती. कॉलेजातले जुने सहकारी, विहारातली माणसं, गल्लीतले सगळे. एका माजी विद्यार्थ्याने धीर द्यायला म्हणून म्हटलं, "सर, शेवटी आकड्यांचा काय भरवसा. हिशोब चुकतो कधी कधी."

"हिशोब बरोबर होता," सर म्हणाले.

विद्यार्थ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मी पुन्हा करून बघितला. या एका वर्षाचा काढला तर ते राज्य काळंठिक्कर आहे. सगळी वर्षं एकत्र घेतली तर अजूनही फिकटच आहे. मी पोरीला आजही तिथंच पाठवलं असतं." ते विद्यार्थ्याकडे बघत होते, पण त्यांना तो दिसत नसावा. "चूक सापडली असती तर बरं झालं असतं."

सुजाताचं तिकडे मन लागेना. दुसरीकडे जायचं तर कुठे, हा प्रश्न. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे कैरीचं लोणचं द्यायला गेले तर तिचा व्हिडिओ कॉल चालू होता. मी परत निघाले, पण सरांनीच खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, तुम्ही सांगा," ती म्हणत होती. "तुम्ही म्हणाल त्या राज्यात जातो. मला आता काही ठरवता येत नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सवयीप्रमाणे त्यांची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली. मग विषय बदलावा म्हणून की काय, त्यांनी सुमेधला पुढे बोलावलं. "काय सुमेधराव, शाळा काय म्हणते?"

सुमेधने एक छोटासा कागदी तारा कॅमेऱ्यासमोर धरला. "आजोबा, मला स्टार मिळाला. मी सगळ्यात शांत बसलो."

"शाबास. कशात?"

"लपायच्या प्रॅक्टिसमध्ये. मॅम लाइट बंद करतात. आम्ही कोपऱ्यात बसतो, दारापासून लांब. बोलायचं नाही. शिंक पण नाही. बाहेरून कोणी दार वाजवलं, नाव घेऊन बोलावलं, तरी उघडायचं नाही. मी एकदा पण हललो नाही."

विमलताईंच्या हातात भाजीची परात होती. ती तशीच राहिली.

सरांनी विचारलं, "हे त्या दुकानाच्या घटनेनंतर सुरू केलं का गं, सुजाता?"

"नाही बाबा. बालवाडीपासून करतात. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, उगाच काळजी कराल म्हणून."

"कोणत्या राज्यांत करतात?"

"जवळजवळ सगळ्याच."

"फिकट राज्यांतसुद्धा?"

"बाबा, सगळीकडे."

सर उठले. नकाशाच्या टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या. नकाशाची घडी घातली. मला हळू आवाजात म्हणाले, "याचा नकाशा काढला मॅडम, तर एकच रंग लागेल." मग फोनकडे वळून म्हणाले, "सुजाता, तू आधी इकडं ये. शाळेला सुटी लागली की ये, सुमेधला घेऊन. महिना-दोन महिने राहा. इथं काही भ्यायचं कारण नाही. मग ठरवू."

त्यांनी भागाकार न करता काही सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

सुजाता यायच्या दिवशी गल्ली सजली होती. मोरे वहिनींनी फाटकापुढे रांगोळी काढली. फुलंब्रीहून सरांचे धाकटे भाऊ, उत्तमराव, सकाळीच आले होते. शेती करणारा, मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. सुजाताला आणायला मिलिंदचा भाऊ चिकलठाण्याला विमानतळावर गेला होता. सर दारात उभे राहून फोनवर गाडी कुठवर आली ते बघत होते. उत्तमराव पिशवी घेऊन पुढे आले.

"दादा, भावाची लेक मरणाच्या दारातून माघारी आली. हजाराची लड आणलीय. लावू का?"

सरांनी फोनवरून नजर न काढता म्हटलं, "लाव की."

मी तिथेच उभी होते. विमलताई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. निम्मी गल्ली तिथे होती. आपल्याकडे मुलगा पास झाला, कोणी निवडून आलं, सून घरात आली, माणूस दवाखान्यातून बरा होऊन आला, की लड लागते. आनंदाला दुसरा आवाज आम्हाला माहीतच नाही. आमच्यापैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. हे लिहिताना आजही मला ते खरं वाटत नाही.

गाडी थांबली. सुजाता उतरली, तिने सुमेधला उतरवलं, आणि उत्तमरावांनी लड पेटवली.

पहिल्या आवाजाला सुजाताने सुमेधला खाली पाडलं आणि त्याच्यावर झोपली. गाडीचं चाक आणि गटाराची कड यांच्यामधल्या जागेत. किंचाळली नाही. सुमेधही रडला नाही. नवी ओढणी चिखलात, रांगोळी तिच्या कोपराखाली पुसली गेलेली, आणि पलीकडे ती लड तडतडत होती. एकदा पेटलेली लड मध्येच थांबत नाही. उत्तमराव ती चपलेने तुडवू लागले, मग हाताने ओढू लागले. कोणीतरी पाण्याची बादली आणायला धावलं.

सर पळत गेले आणि तिच्याजवळ वाकले. "सुजाता, फटाके आहेत बाळा. फटाके आहेत."

तिने मान वर केली नाही. एक हात वर काढला, सरांचा शर्ट छातीशी धरला आणि जोरात खाली ओढला. "बाबा, खाली."

ते खाली गेले. गुडघ्यांवर, मग पोटावर. पुंडलिकनगरच्या रस्त्यावर, सगळ्या गल्लीदेखत, ते लेकीच्या शेजारी पडून राहिले. तिचा हात त्यांच्या डोक्यावर होता. ती त्यांचं डोकं खाली दाबून धरत होती. लड संपली, धूर विरला, तरी बराच वेळ तिने हात काढला नाही, आणि सरांनीही डोकं उचललं नाही. आमच्यातलं कोणी पुढे झालं नाही.

संध्याकाळी उत्तमराव ओट्यावर बसले होते. हाताला चटके बसून फोड आले होते. "माझ्या ध्यानातच नाय आलं, दादा. आपल्या अक्कलंला काय म्हणावं."

"मला विचारून लावलीस तू," सर म्हणाले. "मीच लाव म्हणालो."

सुजाता दोन महिने राहिली. गल्लीत कोणी प्रेशर कुकर लावला तरी आधी फोन करून सांगत असे. जुलै संपता संपता तिने सांगितलं की ती परत जाणार, त्याच राज्यात, त्याच घरी. मिलिंदची नोकरी तिथे, सुमेधचे मित्र तिथे. "पळून कुठं जाऊ बाबा? इथं पण मी रस्त्यावर पडलेच की."

सरांनी तिला अडवलं नाही. नवा नकाशाही काढला नाही. त्यांनी स्वतःचे आणि विमलताईंचे पासपोर्ट काढायला दिले. आयुष्यात कधी विमानात न बसलेला माणूस. कागदपत्रं व्हायला वेळ लागला, पण हिवाळ्यापर्यंत दोघं तिकडे पोहोचली.

तिथून त्यांचा मला फोन येत असे. सुमेधला रोज सकाळी शाळेत सोडायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. सोडून घरी मात्र येत नसत. शाळेच्या आवारात थांबता येत नाही म्हणून रस्त्यापलीकडच्या बाकावर शाळा सुटेपर्यंत बसत. मी त्यांना एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं, "सर, तुम्ही तिथं बसल्याने दर बदलतो का?"

"अजिबात नाही मॅडम. एका दशांशानंही नाही."

"मग?"

"दर बदलायला बसत नाही. सुमेध आत असतो म्हणून बसतो."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमलताईंच्या फोनवर. इथे दिवेलागण झाली होती, तिकडे सकाळ. त्यांच्या खिडकीतून शाळा दिसते. विमलताई म्हणाल्या, "बघा तुमचे सर काय करतात ते," आणि त्यांनी फोन खिडकीला लावला. पांढरा पडलेला रस्ता, विटांची बुटकी शाळा, रंगीत जाड कपड्यांत मुलं आत चाललेली. सरांच्या अंगावर मिलिंदचा मोठा कोट आणि डोक्यावर आपली इथली माकडटोपी. त्यांनी सुमेधच्या दप्तराचा बंद सरळ केला. सुमेध आत पळाला, मागे न बघता. मुलं पळतात तसा.

"आता सुटेपर्यंत उठायचे नाहीत," विमलताई म्हणाल्या. "सांगून थकले मी."

दार बंद झालं. सरांनी रस्ता ओलांडला, बाकावरचा बर्फ हातरुमालाने पुसला, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसले.